खुब्याला एक हंगाम लागतो, गुडघ्याला वर्ष

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईंचं वय 67. मार्चच्या पहिल्या आठवड्यात उजव्या गुडघ्याचा सांधा बदलण्याचं ऑपरेशन झालं, आता साडेतीन महिने होत आले. टाके वेळेवर निघाले, जखम कोरडी आहे, एक्स-रे पाहून सर्जन म्हणाले की सांधा जागेवर आहे. तरी संध्याकाळी गुडघा गरम लागतो, सुजतो, सकाळी आखडतो. वाकतो 95 अंशांपर्यंत. जिना एकेक पायरी करत उतरावा लागतो, रात्री दोन-तीनदा जाग येते. तिकडे निफाडच्या मामांचा डावा खुबा एप्रिलच्या सुरुवातीला बदलला, आणि तिसऱ्या आठवड्यात काठी टाकून ते बागेत फिरायलाही लागले. त्यामुळे घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "मग आईंचंच काय बिघडलं?" आणि आई म्हणतात, "उगीच केलं मी हे."

तुम्ही लिहिलेल्या गोष्टींपैकी बहुतेक गोष्टी साडेतीन महिन्यांना होतातच. दोन गोष्टींची मात्र मला काळजी वाटते, आणि त्या दोन्ही तुम्ही जाता जाता लिहिल्या आहेत: "गुडघ्याखाली उशी घेतल्याशिवाय आईला झोप येत नाही" आणि "सहा आठवड्यांनी फिजिओ यायचे थांबले, तेव्हापासून घरात चालणं तेवढं चालू आहे." माझं सविस्तर उत्तर मुख्यतः या दोन वाक्यांना आहे. मामांबद्दलही शेवटी लिहिते, कारण ते सगळ्यांना वाटतात तितके पुढे गेलेले नाहीत.

मी नाशिकमध्ये 24 वर्षं फिजिओथेरपी करते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उभ्यानं नोकरी केलेले, प्रेसमधून निवृत्त झालेले, दिंडोरी-निफाडच्या बागांमध्ये आयुष्य घातलेले, असे सगळे येतात. इतक्या वर्षांत एक चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. माणसं व्यायाम सोडतात तो नेमका ज्या दिवसापासून त्याचा खरा उपयोग सुरू होतो त्या दिवशी.

आधी तुलनेचं बघू. खुबा आणि गुडघा या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. खुब्याचा सांधा म्हणजे खोलगट वाडग्यात फिरणारा गोळा, चहूबाजूंनी जाड स्नायूंनी झाकलेला. खराब गोळा काढून नवा बसवला की जांघेतली ती खोल कळ बऱ्याच रुग्णांना पहिल्या आठवड्यातच गेलेली जाणवते. राहतं ते जखमेचं दुखणं, आणि ते दिवसागणिक उतरतं. गुडघा तसा नाही. तो कातडीच्या लगेच खाली आहे, त्याच्यावर मांसाचं पांघरूण नाही, आणि सबंध शरीराचा भार घेऊन त्याला दिवसभर वाकायचं-सरळ व्हायचं असतं. आपण "वाट्या बदलल्या" म्हणतो, पण वाटी बहुतेक वेळा स्वतःचीच राहते. बदलतात ते हाडांचे घासणारे पृष्ठभाग. मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूची टोपी चढते, नडगीच्या हाडावर धातूची ताटली बसते आणि मध्ये पॉलिथिनचा जाड तुकडा येतो. तिथवर पोचायला वाटीच्या कडेनं, मांडीच्या पुढच्या स्नायूच्या दोरीजवळून चीर द्यावी लागते, आणि ते सगळं पुन्हा शिवून भरून यायला वेळ लागतो. खुब्याच्या रुग्णाचा मोठा पल्ला तीन-चार महिन्यांत पार पडतो. गुडघ्याची सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत वेगानं होते, मग वेग मंदावतो, पण वर्षभर चालू राहते. काहींना दुसऱ्या वर्षातही फरक जाणवतो.

तेव्हा मामांच्या तिसऱ्या आठवड्याशी आईंचा तिसरा महिना लावून बघू नका. शेजारच्या काकूंच्या गुडघ्याशीही नको. त्यांचा गुडघा ऑपरेशनच्या आधी किती वाकत होता, त्यांना मधुमेह आहे का, दुसरा गुडघा कसा आहे, यातलं आपल्याला काही माहीत नसतं. आईंची तुलना करायची ती मे महिन्यातल्या आईंशी.

संध्याकाळची सूज आणि उबदारपणा सहा महिने, कधी त्याहून जास्त राहतो. दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवला तर ऑपरेशनचा गुडघा गरम लागेलच, आत भरून येण्याचं काम चालू आहे. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी वाटावी अशी बधिर पट्टी असते, कारण कातडीला संवेदना देणारी एक बारीक नस चिरेच्या वाटेत येते. ती पट्टी हळूहळू लहान होते, थोडी कायमही राहते, आणि त्यानं चालण्यात काही अडत नाही. चालताना "टक" असा आवाज येतो तो धातू आणि पॉलिथिनचा. दुखत नसेल तर तो सोडून द्या. सकाळचं आखडणं पाच-दहा मिनिटांत सुटत असेल तर तेही चालतं.

झोपेबद्दल मात्र कुणी बोलत नाही, आणि घरातली माणसं सगळ्यात जास्त तिथेच खचतात. पहिले सहा-आठ आठवडे गुडघ्याच्या रुग्णाची झोप मोडतेच. कुशीवर वळता येत नाही, पाय कुठे ठेवावा कळत नाही, दिवसा डुलक्या होतात आणि रात्र लांबते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात रडू येणाऱ्या बायका मी कितीतरी पाहिल्या आहेत, ज्यांनी आयुष्यात कुणासमोर डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं. भेटायला येणारे तेव्हा कमी झालेले असतात, घरचे आपापल्या कामाला लागलेले असतात, आणि दुखणं मात्र तसंच असतं. आईंचं "उगीच केलं" हे त्यातलंच आहे. त्यांना समजावत बसू नका. संध्याकाळी अर्धा तास त्यांच्याबरोबर चाला, त्याचा उपयोग जास्त होतो. साडेतीन महिन्यांनी दोन-तीनदा जाग येणं थोडं जास्त आहे, आणि त्याचं एक कारण ती उशीच असावं असं मला वाटतं.

गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, कारण थोड्या वाकलेल्या स्थितीत सांध्यात सर्वांत जास्त जागा असते आणि ताण कमी पडतो. पण रात्रभर सात-आठ तास गुडघा वाकलेला राहिला की मागचे पडदे आणि स्नायू तेवढेच आखडून बसतात. सकाळी तो गुडघा पूर्ण सरळ होत नाही, दिवसभर थोडा वाकलेला राहतो. नातेवाईक किती वाकला हे विचारतात, सरळ किती होतो हे कुणीच विचारत नाही. मी उलट क्रमानं बघते. सपाट रस्त्यावर चालायला 65 अंशांच्या आसपास वाकणं पुरतं, खुर्चीतून उठायला आणि जिन्याला 90 ते 100. पण दहा अंश कमी सरळ होणारा गुडघा प्रत्येक पावलाला मांडीच्या स्नायूला राबवतो. सरळ पायावर आपण हाडांच्या आधारानं उभे राहतो, वाकलेल्या पायावर स्नायूच्या जोरावर. म्हणून दुपारपर्यंत मांडी भरून येते, चाल लंगडी होते, कंबर दुखायला लागते आणि दुसऱ्या गुडघ्यावर भार जातो.

आज रात्रीच तपासून बघा. आईंना पलंगावर सपाट झोपवा, उशी काढा, वाटी छताकडे. आता गुडघ्याखालून तुमचा तळहात सरकवून बघा, आणि दुसऱ्या गुडघ्याखालूनही. ऑपरेशनच्या बाजूला हात सहज आरपार जात असेल तर गुडघा पूर्ण सरळ होत नाहीये. मग असं करा: टाचेखाली घडी केलेली चादर किंवा लोड ठेवायचा, गुडघा अधांतरी, आणि त्याच्या वजनानंच तो खाली येऊ द्यायचा. सुरुवातीला पाच मिनिटं, मग दहा, दिवसातून चार वेळा. त्यातच वाटीवरचा स्नायू आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजेपर्यंत, असं दहा वेळा. आंघोळीनंतर लगेच केलं तर स्नायू सैल असतात. मागे पोटरीपर्यंत ओढ बसेल, ती बसलीच पाहिजे. झोपताना उशी हवीच असेल तर गुडघ्याखाली नको, पोटरीपासून टाचेपर्यंत लांब ठेवा, म्हणजे गुडघा सरळच राहील. कुशीवर झोपायचं असेल तर दोन पायांच्या मध्ये. पहिल्या चार-पाच रात्री त्या चिडतील. त्यानंतर झोप सुधारते हा माझा अनुभव आहे.

95 अंश हे थोडं कमी आहे, पण हताश व्हावं असं नाही. ऑपरेशनआधी किती वाकत होता ते मला कळवा. ऑपरेशननंतर किती वाकणार हे सर्वांत जास्त त्यावर ठरतं. आधी 100 वरच अडलेला गुडघा नंतर 130 होत नाही, आणि त्याला फिजिओ किंवा सर्जन कारण नसतात. "महागडी वाटी टाकली असती तर जास्त वाकला असता का?" असं मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. 2017 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा आणली तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याला 54,720 रुपये ठरवले होते आणि जास्त वाकणारा म्हणून विकल्या जाणाऱ्या सांध्याला 56,490, दोन्ही जीएसटी वगळून. दोन हजारांच्याही आतला हा फरक. त्या सांध्यानं रुग्णाच्या रोजच्या जगण्यात मोठा फरक पडतो असं आढळलेलं नाही. ती खंत घरातून काढून टाका.

गुडघा फारच अडला असेल, 90 च्याही खाली, तर सर्जन भूल देऊन तो वाकवतात. ते साधारण दीड ते तीन महिन्यांच्या काळात केलं तर उत्तम जमतं. आईंना त्याची गरज पडेल असं मला वाटत नाही, पण पुढच्या भेटीत 95 हा आकडा सर्जनना स्वतःहून सांगा. त्यांनी कोनमापक लावून मोजलंच असेल असं धरून चालू नका.

आता माझी एक चूक सांगते. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी जोर लावून गुडघे वाकवायची. रुग्ण ओरडला तरी "थोडं सहन करा" म्हणायचे, तशीच रीत होती. एका बाईंचा गुडघा मी एका दुपारी 80 वरून 100 वर नेला आणि मला फार समाधान वाटलं. दुसऱ्या दिवशी तो एवढा सुजला की 70 वर आला, आणि त्या बाई मला पाहिलं की आधीच पाय आवळून धरायच्या. त्यांचा पुढचा दीड महिना माझ्यामुळे वाया गेला. सुजलेला सांधा वाकत नाही, आणि सूज असली की मेंदू मांडीच्या स्नायूला जाणारे संदेशच कमी करतो. तेव्हापासून मी एकच नियम पाळते: व्यायामाचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. व्यायामानंतर तास-दीड तास दुखलं आणि सकाळी गुडघा कालच्यासारखाच असला, तर योग्य झालं. सकाळी जास्त सुजलेला, जास्त आखडलेला असला, तर काल जास्त झालं. मग बंद करायचं नाही, निम्मं करायचं. कुणी ओळखीचा मालिशवाला जोर लावून गुडघा मोडून देतो म्हणत असेल तर त्याला घरात घेऊ नका.

आता दुसरी गोष्ट, थांबलेल्या व्यायामाची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याहून जास्त कमी होते. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मीही चमकले होते. म्हणजे आईंनी मार्चमध्ये ज्या पायावर दवाखान्यात प्रवेश केला, एप्रिलमध्ये त्याच पायात अर्धीही ताकद नव्हती. आणि ऑपरेशनच्या आधीची पाच-सात वर्षं दुखण्यामुळे तो पाय वापरलाच गेला नव्हता, ती झीज वेगळी. पहिल्या सहा आठवड्यांत आपण जे करतो, घोटे हलवणं, पाय सरळ उचलणं, वॉकर घेऊन फेऱ्या, त्यातून रक्ताभिसरण राहतं, वाकणं येतं, माणूस स्वतः संडासला जाऊ लागतो. ताकद त्यातून येत नाही. ताकद भार वाढवल्याशिवाय येत नाही, आणि भार वाढवता येईल इतका गुडघा शांत होतो तोच मुळी सहा-आठ आठवड्यांनी. नेमकं तेव्हा घरी येणारे फिजिओ थांबतात, वॉकर माळ्यावर जातो, आणि सगळे म्हणतात, "झालं आता, चालतायत ना." चालणं हा चांगलाच व्यायाम आहे, पण घरातल्या फेऱ्यांनी मांडी भरत नाही. जिना उतरताना गुडघा दगा देईल असं आईंना वाटतं, त्याचं कारण सांध्यात नाही, मांडीत आहे.

म्हणून आता पुढचे सहा महिने आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड, असं ठरवून करा. मधले दिवस नुसतं चालणं. खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं हा माझा सर्वांत लाडका व्यायाम आहे, कारण तोच रोज लागतो. सुरुवातीला खुर्चीवर दोन जाड उशा ठेवून उंची वाढवा, दहा वेळा सहज जमलं की एक उशी काढा. बसताना धपकन बसायचं नाही, तीन आकडे मोजत खाली यायचं. दोन्ही पायांवर सारखा भार आहे ना ते तुम्ही समोर उभं राहून बघा, त्या नकळत डाव्यावर जातील. स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून पाय बाजूला उचलणं, मग ओट्याला एका बोटानं धरून उजव्या पायावर उभं राहणं. घराच्या खालच्याच पायरीवर उजवा पाय ठेवून वर चढणं आणि डावा हळूच खाली टेकवणं, कठडा धरून. खुर्चीत बसून पाय सरळ करताना घोट्याला अर्धा किलो बाजरीची पुरचुंडी बांधा, आठ-पंधरा दिवसांनी किलोची. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत. वीस वेळा गप्पा मारत झालं, तर भार कमी आहे.

घरात व्यायामाची सायकल असेल तर सीट उंच करून वापरा. पूर्ण फेरी मारायला साधारण 105 ते 110 अंश लागतात, म्हणून सुरुवातीला पॅडल नुसतं पुढे-मागे झुलवायचं. एखाद्या दिवशी ते आपोआप पूर्ण फिरतं. त्या दिवशी रुग्णाच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी मी ही नोकरी करते.

एक मोजमाप ठेवा. दर रविवारी सकाळी, 30 सेकंदांत खुर्चीतून हात छातीशी बांधून किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा आणि कॅलेंडरवर त्या चौकोनात लिहा. 65 ते 69 वयाच्या बायकांमध्ये साधारण 11 ते 16 हा सर्वसामान्य आकडा धरतात. आईंचा आज कदाचित 5 येईल, हात लावल्याशिवाय एकदाही उठता येणार नाही असंही होईल. शून्य आला तर शून्य लिहा. आठ आठवड्यांनी ते पान त्यांच्यासमोर ठेवा.

खाण्याचंही बघा. या वयात स्नायू भरायला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिनं तरी रोज लागतात, म्हणजे 60 किलो वजनाला 60 ग्रॅम. एका वाटी वरणात सहा-सात ग्रॅमच असतात. वरण-भात, पोळी-भाजी एवढ्यावर ते भरत नाही. दूध, दही, पनीर, मोड आलेली मटकी, चालत असेल तर अंडी, असं प्रत्येक जेवणात काहीतरी हवं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आईंना वाटतं की जास्त हालचाल केली तर नवा सांधा झिजेल. ही भीती अगदी खरी असते, त्यात शहाणपण आहे असंच त्यांना वाटतं. पण 2019 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लाखो रुग्णांच्या नोंदींवरून जे प्रसिद्ध झालं, त्यानुसार संपूर्ण गुडघेबदलातले सुमारे 82 टक्के सांधे 25 वर्षांनंतरही टिकलेले होते. 67 व्या वर्षी बसवलेला सांधा बहुधा त्यांची साथ शेवटपर्यंत देईल. न वापरल्यानं मांडी मात्र जाते.

काही गोष्टींची वाट बघायची नसते. जखमेतून पुन्हा पाणी यायला लागलं, ताप आला, गुडघा लाल होऊन दुखणं दिवसेंदिवस वाढत चाललं, तर त्याच दिवशी सर्जनकडे. ऑपरेशननंतर एकही दिवस बरा गेला नाही आणि स्वस्थ पडल्यावरही दुखतं, असं असेल तरी जंतुसंसर्ग नाही ना हे तपासावं लागतं, त्यासाठी सीआरपी ही शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी होते, कधी सांध्यातलं पाणी काढून बघतात. इथे एक कळकळीची विनंती: अशा वेळी जवळच्या दवाखान्यातून अँटिबायोटिक सुरू करून घेऊ नका. पाणी तपासायच्या आधी गोळ्या गेल्या तर जंतू तपासणीत सापडत नाहीत, आत मात्र राहतात. दात काढायचा असला तरी दंतवैद्यांना आधी सांगा की सांधा बदललेला आहे. एका पोटरीत कळ येऊन ती टणक-सुजलेली झाली तर रक्ताची गुठळी असू शकते, तिथे मालिश करायची नाही, डॉक्टरांना दाखवायचं. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर थेट इस्पितळ. मधुमेह असेल तर साखर आवरा. जखम भरण्यात आणि संसर्ग टाळण्यात तिचा मोठा हात असतो. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्महिने घेणं मूत्रपिंडाला आणि रक्तदाबाला महागात पडतं.

आणि हेही मोकळेपणानं सांगायला हवं: सगळं नीट होऊनही गुडघ्याच्या रुग्णांपैकी साधारण पाचात एक जण पूर्ण समाधानी नसतो. खुब्यात हे प्रमाण बरंच कमी आहे. आईंच्या बाबतीत मी आज तसं म्हणणार नाही, कारण अर्धं काम अजून व्हायचं आहे. एक वर्ष होऊ द्या.

आता मामा. तुम्ही लिहिलंय की त्यांचं वय 52, कोरोनात स्टिरॉइड झालं होतं आणि खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला. अशी माणसं वयानं लहान असतात, स्नायू चांगले असतात, म्हणून झपाट्यानं उठतात. पण दुखणं गेलं म्हणजे खुबा पक्का झाला असं नाही. सिमेंट न वापरता बसवलेल्या सांध्यात हाड वाढून तो धरला जायला दीड ते तीन महिने जातात, आणि सांधा निखळण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त. त्यांची चीर मागच्या बाजूनं असेल तर 90 अंशांच्या पुढे कमरेत वाकणं, पायावर पाय टाकणं, पाय आत वळवणं, हे तीन महिने टाळायला सांगतात. चीर पुढून असेल तर नियम वेगळे, ते सर्जनकडूनच घ्या. बागेतला माणूस खाली वाकून ठिबकची नळी बघतो, बांधावर उकिडवा बसतो, आणि खुबा निखळतो तो अशाच क्षणी. शिवाय आता पाऊस सुरू होतोय. निफाडची काळी माती ओली झाली की चांगल्या माणसाचा पाय सरकतो. नव्या खुब्यावर पडून मांडीचं हाड मोडलं तर ते ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं.

मामांना आरशासमोर डाव्या पायावर उभं राहायला सांगा. उजव्या बाजूची कंबर खाली झुकली, किंवा ते स्वतः डावीकडे कलले, तर खुब्याच्या बाहेरचा स्नायू अजून कच्चा आहे आणि त्यांची चाल डुलतेय. मग काठी परत घ्यायची, आणि ती उजव्या हातात, कारण विरुद्ध बाजूच्या हातातली काठीच खुब्यावरचा भार हलका करते. कुशीवर झोपून पाय वर उचलण्याचा व्यायाम रोज. एक पाय लांब वाटतो असं ते म्हणत असतील तर तीन-चार महिने थांबा. वर्षानुवर्षं तिरकी झालेली कंबर सरळ व्हायला वेळ घेते, टाचेखाली घाईनं काही घालू नका. 52 व्या वर्षी बसवलेला खुबा त्यांना तीस वर्षं वापरायचा आहे, आणि लॅन्सेटमध्येच त्याच वर्षी आलेल्या नोंदींमध्ये 25 वर्षं टिकलेल्या खुब्यांचं प्रमाण 58 टक्के होतं. त्यांनी आईंपेक्षा जास्त जपायला हवं.

तुम्ही शेवटी विचारलंय, आईंना जमिनीवर बसता येईल का, सप्तशृंगीला जाता येईल का, आणि रामकुंडावर उतरता येईल का. मांडी घालून आणि उकिडवं बसणं मी सांगत नाही. पूजेला पाटाऐवजी खुर्ची किंवा उंच स्टूल, संडासला कमोड. काही बायकांना हे ऑपरेशनपेक्षा जड जातं हे मला माहीत आहे. पंगतीतून उठून एकटीनं टेबलावर बसणं सोपं नसतं, तेव्हा घरातल्या आणखी कुणीतरी त्यांच्यासोबत टेबलावर बसावं. सप्तशृंगी गडावर आता रुळांवरून वर नेणारी फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, सहा महिन्यांनंतर खुशाल जा, पायऱ्यांचा हट्ट या वर्षी नको. रामकुंडाच्या पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या असतात, तिथे दोन्ही बाजूंनी धरायला माणसं हवीत. उतरताना आधी ऑपरेशनचा पाय, चढताना आधी बरा पाय. ही सवय आतापासून घरच्या जिन्यावर लावा.

डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशनची घाई करू नका. उजवा पाय भरवशाचा झाला, खुर्चीतून उठताना आधाराचा पाय तोच झाला, की मगच विषय काढा. आज रात्रीची तळहाताची तपासणी, ऑपरेशनआधीचं वाकणं आणि येत्या रविवारचा खुर्चीचा आकडा, एवढं कळवा. टाचेखाली लोड ठेवण्याचा व्यायाम करूनही तीन आठवड्यांत गुडघा आणखी सरळ झाला नाही, तर आईंना गोल्फ क्लब मैदानावर चालायला नेण्याआधी एकदा मला प्रत्यक्ष दाखवा.